धूमकेतूआधीचा फोटो

ता. ३ ऑक्टोबर

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

तुझी लेक खुशाल आहे, हे आधी सांगते; नाहीतर वहिनी पुढचं वाचायची नाही. नववीत गेल्यापासून ठमीला शाळेत मला आत्या म्हणायची लाज वाटते. वेधशाळेची किल्ली हवी असली की मात्र नातं आठवतं.

शेंडेनक्षत्र दिसायला लागल्यापासून शाळेला वेड लागलंय. दिवस मावळला की दरीपलीकडच्या गिरणीच्या वर ते शेपूट पसरून उभं असतं. माझ्या सहा मुली रोज त्याचे फोटो काढतात आणि जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत स्वतः धुतात. वसतिगृहाच्या स्वयंपाकीणबाई म्हणतात, असलं काही उगवलं की कुणीतरी मावळतं. मी त्यांना दुर्बिणीतून दाखवलं, तर आणखीनच घाबरल्या.

एक कटकट आहे. दुर्बीण सिमेंटच्या खांबावर बसवलेली आहे. रोज ती ठरल्या खुणेवर आणून आधी गिरणीच्या धुराड्याचा फोटो घ्यायचा, मग धूमकेतूचा, असा माझा नियम. धुराडं फोटोच्या मधोमध यायला हवं. पण गेले आठ दिवस ते रोज थोडं थोडं वर सरकतंय. कालच्या फोटोत त्याचं टोकच कापलं गेलं. मुली एकमेकींवर धक्का दिल्याचा आळ घेतायत. दोघींचा अबोला आहे. तू तीस वर्षं रस्त्यांची न् बोगद्यांची मोजणी केलीस. तुला काय वाटतं?

लोभ आहेच, मी पत्राला उशीर केला तरी तो आटू देऊ नकोस.

तुझी
बबी


ता. ६ ऑक्टोबर

चि. बबीस, अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या वहिनीने आधी वाचलं आणि ठमी बारीक झाली असणार असा निष्कर्ष काढला. कशावरून, ते विचारू नकोस.

मुलींना भांडू देऊ नकोस. धक्का लागला तर दुर्बीण एकदा हलेल. रोज, एकाच बाजूला, थोडी थोडी हलणार नाही. तीन गोष्टी बघून कळव. वसतिगृहाची दारं नीट लागतात का? शाळेच्या टेकडीच्या पायथ्याशी कुणी खणतंय का? चढावर जमिनीला कुठे भेग पडली आहे का? यंदा पाऊस हटता हटत नव्हता, म्हणून विचारतो. यातलं काही नसेल तर म्हातारा चळला म्हणून खुशाल हस.

उलट टपाली लिही. मी वाट बघतोय.

तुझा
दादा


ता. ९ ऑक्टोबर

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

हसता आलं असतं तर बरं झालं असतं.

खालच्या मजल्याची चार दारं लागत नाहीत. सुताराने दोनदा रंधा मारला. लाकूड फुगलंय म्हणाला. पायथ्याशी नव्या मैदानासाठी महिनाभर यंत्राने टेकडी कापतायत. आणि वेधशाळेच्या मागे गवतात एक भेग आहे. ठमीने फूटपट्टी आत घातली. सबंध गेली.

मुलींचे बारा फोटो ओळीने लावून मी मोठ्या बाईंना दाखवले. त्या म्हणाल्या की खांब थोडे खचतातच, त्यात नवल काय. रविवारी पालक धूमकेतू बघायला यायचेत. अशा वेळी घबराट पसरवली तर शाळेत मुली उरतील का, असं त्यांनी विचारलं. वाईट बाई नाहीत रे त्या. बावीस वर्षं शाळा त्यांनी डोक्यावर वाहिलीय. म्हणून तर ऐकत नाहीत.

सांग, काय करू?

तुझी
बबी


ता. ११ ऑक्टोबर

चि. बबीस, आशीर्वाद.

ही टेकडी निसटते आहे. आज, उद्या की महिन्याने, कुणी सांगू शकत नाही.

आई आजारी आहे असं सांगून ठमीला पहिल्या गाडीने धाड. तूही रजा टाकून ये. मोठ्या बाईंशी वाद घालत बसू नकोस. नोकरी जाईल आणि गावभर अफवेचा ठपका तुझ्यावर येईल. मी वरिष्ठ कचेरीला सविस्तर लिहितो. ते बघतील.

आधी ठमी. बाकीचं मग.

दादा


ता. १६ ऑक्टोबर

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

तार मिळाली असेल. आम्ही सुखरूप आहोत. झालं ते सांगते.

तुझं पत्र मी ठमीला दाखवलं नाही. आई आजारी आहे, बॅग भर, एवढंच म्हटलं. पण फोटो तिनेच धुतलेले, तिला काय फसवणार? तिने मुकाट्याने बॅग भरली आणि मग विचारलं, की बाकीच्या एकोणचाळीस जणींच्या आया कधी आजारी पडणार? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रागावू नकोस, पण तुलाही व्हायला हवं.

त्याच दिवशी संध्याकाळी शाळेच्या चाळीसही मुली अंथरुणांसकट दरीपलीकडे गिरणीच्या रिकाम्या गोदामात नेल्या. तिथून धूमकेतू छान दिसतो, अशी थाप मारली. स्वयंपाकीणबाई न सांगताच भांडी घेऊन मागोमाग आल्या. सकाळी मोठ्या बाई आल्या आणि सगळ्यांदेखत मला वाट्टेल ते बोलल्या. संध्याकाळच्या आत मुली परत पाहिजेत, असं बजावलं. मी नाही म्हटलं. तुम्ही तरी तिकडे जाऊ नका, म्हणून हात धरला, त्यांनी झटकला. शाळेत कुणीतरी जबाबदार माणूस हवं, म्हणाल्या.

दुपारी शाळेचा शिपाई माझ्या निलंबनाचं पत्र घेऊन आला. मी पोच म्हणून सही करत होते, तेवढ्यात खडीचा ट्रक रिकामा व्हावा तसा आवाज झाला. मान वर केली तर टेकडीवरची झाडं उभीच्या उभी चालत होती. वेधशाळेचा घुमट वसतिगृहावर आला, वसतिगृह शाळेवर, आणि सगळं मिळून खाली. मग नुसती धूळ. ठमीने माझा पदर घट्ट धरला होता.

मैदानावरची माणसं जेवायच्या सुटीत गावात गेली होती, म्हणून वाचली. मोठ्या बाई अजून सापडलेल्या नाहीत.

पालक येऊन मुलींना नेतायत. माझे पाय धरतात. मला ते सोसत नाही. ठमीला घेऊन मी परवा निघते.

शिपाई मात्र तीन दिवस गोदामाच्या पायरीवर बसून आहे. माझ्या सहीचा कागद त्याने घडी घालून खिशात ठेवलाय. आज सकाळी जवळ येऊन त्याने हळूच विचारलं, की बाई, ही पोच आता कुणाला नेऊन देऊ?

तुझी
बबी