अहवाल अजून तयार नाही

४ मार्च

सापडलं! पॅथॉलॉजी लॅबच्या वेबसाइटवर सहा आठवड्यांत एकही एरर नाही म्हणून साहेब खूश होते. मला तेव्हाच शंका आली. इतकं निर्दोष कुणी नसतं — आमचं काम तर नाहीच नाही.

वेबसाइट ज्या तयार सांगाड्यावर उभी असते, त्या फ्रेमवर्कमध्ये एक जागा असते. कुठेच न सांभाळलेला एक्सेप्शन, म्हणजे प्रोग्राम चालताना आलेली अडचण, शेवटी तिथे येऊन पडतो. तिथे त्याची लॉगमध्ये, म्हणजे बिघाडांच्या वहीत, नोंद व्हायला हवी आणि समोरच्या माणसाला कळायला हवं की काहीतरी बिघडलंय. आमच्याकडे तिथे एकच हुकूम — एरर कुठलाही असो, पानावर दाखवा: 'अहवाल अजून तयार नाही.' नोंद शून्य! डेटाबेस बंद पडो, फाइल न उघडो, उत्तर तेच. आणि पेशंट बिचारा वाट बघत बसतो.

५ मार्च

मीटिंगमध्ये बोललो. अकरा मिनिटं, असं टेस्टर म्हणतो. त्याने घड्याळ लावलं होतं. पडणारा प्रोग्राम परवडला, खोटं बोलणारा नाही! पडलेला उचलता तरी येतो. आकडे दडवणाऱ्या राजवटींचं पुढे काय झालं, याचे तीन दाखले दिले.

साहेब म्हणाले, "तोफखाना आवरा. ती ओळ काढली की दिवसभर फोन वाजतील." म्हटलं, वाजू देत!

शेवटी ठरलं — किती जण अडकलेत ते शुक्रवारपर्यंत मोजायचं, मग बघू.

मौनीबाई समोर बसून पेनाचं टोपण काढत-घालत होत्या. आमच्यातल्या सर्वांत जुन्या प्रोग्रामर. दिवसाला दहा शब्द.

६ मार्च

जेवताना हिला सगळं सांगितलं. "जेवण गार झालं, भाषण अजून गरमच आहे," म्हणाली.

७ मार्च

एक्केचाळीस! अहवाल तयार आहेत, पानावर उघडत नाहीत. ज्यांना दुसऱ्यांदा नमुना द्यावा लागला त्यांच्या फाइलवर दोन तारखा येतात आणि आमचा प्रोग्राम तिथेच अडखळतो. म्हणजे ज्यांना सर्वांत जास्त धास्ती, नेमके तेच ताटकळलेत. नावं आम्हाला दिसत नाहीत, नुसते क्रमांक.

ती ओळ कुणी लिहिली तेही सापडलं. मौनीबाई! सगळा दारूगोळा भरून त्यांच्या टेबलाशी गेलो, आकडा सांगितला, दोन तारखांचं सांगितलं. त्यांनी पेनाचं टोपण घट्ट बसवलं. मग म्हणाल्या, "बसा आधी."

त्यांनी सांगितलं ते असं: ती ओळ येण्याआधी आमचं डीबगचं पान, म्हणजे चुका शोधायला फक्त आम्ही बघतो ते, चुकून बाहेर पेशंटांनाही दिसत राहिलं होतं. लाल अक्षरं, खाली आकड्यांच्या रांगा. एका आजोबांनी तोच आपला अहवाल समजला. लाल म्हणजे वाईटच. घरात कुणाला बोलले नाहीत. मृत्युपत्र करायला थेट वकिलाकडे! वकिलाने लॅबला फोन केला, तेव्हा कळलं — तब्येत ठणठणीत.

"म्हणून त्यातल्या त्यात शांत वाक्य शोधलं," मौनीबाई म्हणाल्या.

"आणि लॉग?"

"तो राहिला. चूक माझी."

सगळा दारूगोळा तसाच घेऊन जागेवर परतलो. असं आजवर कधी झालेलं नाही.

१० मार्च

नवं पान दोघांनी मिळून लिहिलं. माझा मसुदा सात ओळींचा. बाईंनी चार खोडल्या. उरलं ते असं: 'हे पान उघडताना आमच्याकडे बिघाड झाला आहे. तुमच्या तब्येतीशी त्याचा संबंध नाही. या नंबरवर फोन करा.'

नंबर माझ्या टेबलाचा. मूळ दुरुस्तीला आठवडा लागेल. तोवर मी क्रमांक लिहून घ्यायचा आणि लॅबच्या डॉक्टरीणबाईंना फोन जोडून द्यायचा. लॉग सुरू. साहेबांनी एक्केचाळीसचा आकडा दोनदा वाचला आणि मान हलवली.

११ मार्च

नऊला चढवलं. नऊ चाळीसला पहिला फोन.

"जिन्यातून बोलतेय. क्रमांक लिहून घ्या." मौनीबाई! मान वळवून पाहिलं — खुर्ची रिकामी.

महिन्यापूर्वी त्यांनीही दुसरा नमुना दिलाय. म्हणाल्या, "शुक्रवारी तुम्ही बोललात तेव्हाच कळलं, माझाही त्यातच अडकलाय. तरी काल संध्याकाळपर्यंत पान उघडून बघत होते. ओळ माझीच — पण वाचून बरं वाटायचं."

क्रमांक लिहून घेतला. फोन जोडून दिला. पलीकडे उचलेपर्यंत मीही लाइनवर थांबलो.