बंबाची राख

सुहासदादा,

तू बाबांसाठी ऑनलाइन मागवलेली ब्लूबेरी सावेडीच्या आपल्या गच्चीत तग धरून होती. तिला बोअरचं जड पाणी सोसत नाही, म्हणून मी रोज शेजारच्या लीनाकाकूंच्या एसीचं पाणी बादलीनं वर न्यायचे. काकू विचारायच्या, "अमेरिकेच्या पाहुणीची आंघोळ झाली का गं?"

बाबांना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही. "सुहासचं झाड आहे, तूच बघ," म्हणतात, आणि माझं पुण्याला नोकरीला जाणं परत लांबतं.

महिनाभर पानं पिवळी पडत होती. काल बघितलं तर आई कुंडीत बंबाची राख ओतत होती.

"आई, त्याला आंबट माती लागते, राखेनं मरतं ते."

"माहितीये. तूच सांगितलं होतंस. मरू दे, म्हणजे तू सुटशील."

मी राख काढली नाही.

आज बाबांना सांगितलं, झाड वाचत नाही. ते म्हणाले, "सुहासला सांगतो, दुसरं पाठव."

हे तुला कळवलं तर आईचं नाव पुढे येईल, म्हणून पत्र माझ्याकडेच राहील. बाबांना तू हो म्हणशीलच. नव्या कुंडीला पाणी कुणी न्यायचं ते तुम्ही दोघं ठरवा. मी उद्या पुण्याला चाललेय.

दमलेली,
मैत्रेयी