चुन्याच्या पेटीतला ब्रॅकेट

प्रिय शालिक,

तू गेल्याला सात महिने झाले. तेराव्याला तुझ्या फोटोसमोर सगळे दोन-दोन शब्द बोलले, मी बोललो नाही. लोकांना वाटलं, वासुदेवला फार दुःख झालंय. दुःख होतंच. पण काल टिपरवाले खापरे आपल्या वेल्डिंगच्या दुकानात आले आणि कळलं, तुझ्याशी एक बोलणं राहिलंय. ते तोंडाने जमणारं नाही, म्हणून लिहितोय.

खापऱ्यांनी टिपरचा मागचा ब्रॅकेट आणला होता. कमानपाट्यांचा सगळा भार ज्यावर टेकतो तो, ओतीव पोलादाचा. पाच वर्षांपूर्वी तूच तो वेल्डिंगने भरून दिला होतास. आता त्याचं भोक पुन्हा झिजून अंड्यासारखं लांबट झालंय. टेबलावर ठेवत ते म्हणाले, "वासुदेवराव, हा शालिकच्या हातचा आहे. तुमच्यानं होईन का, का दुसरीकडे नेऊ?"

अठ्ठावीस वर्षं मी हेच काम करतोय. तुमच्यानं होईन का!

"ठेवा," एवढंच म्हणालो.

ग्राइंडर लावला आणि तुझा जुना थर उतरवत गेलो. खरं सांगू? मी खोट शोधत होतो. एखादं छिद्र, आत अडकलेली एखादी खपली. काही सापडलं नाही. तुझा थर कुठे संपला आणि मूळ पोलाद कुठे सुरू झालं, हेसुद्धा कळेना. मेलेल्या माणसाचाही इतका हेवा करतं का रे कुणी?

हेवा आजचा नाहीच. शाळेच्या सुट्टीत आपण दोघे रोपवाटिकेत संत्र्याच्या कलमांचे डोळे बांधायला जायचो. तू बांधलेले फुटायचे, माझ्यातले निम्मे वाळायचे. चाकू तोच, पट्टी तीच. पुढे एकाच एसटीने नागपूरला आलो, एकाच मिस्त्रीच्या हाताखाली शिकलो, आणि म्हातारपणी त्यांनी दुकानही दोघांच्या हाती दिलं. तरी गाडीतून उतरलेला ड्रायव्हर मला विचारायचा, "शालिक कुठी आहे?" मी हातात वेल्डिंगचा होल्डर घेऊन समोर उभा!

घाटावरही, तुझी चिता रचली जात असताना, मी माणसं मोजत होतो. माझ्या वेळी इतकी येतील का, असं मनात आलं.

आता खरं काय ते. ह्या ब्रॅकेटच्या आदल्या वर्षी खापऱ्यांचाच दुसऱ्या बाजूचा ब्रॅकेट आला होता. सकाळी तू तो गॅसच्या ज्योतीवर सगळीकडून तापवलास. पाण्याचा थेंब टाकून पाहिलास. थेंब टिकेना, नाचत पळाला, तेव्हा कुठे रॉड हातात घेतलास. थोडं भरायचं, हलक्या हातोडीने ठोकायचं, पुन्हा भरायचं. दुपारी तो कोरड्या चुन्याच्या पेटीत पुरलास आणि झाकण लावलंस. तुला गावी मावशीकडे जायचं होतं.

"वासुदेव, उद्या सकाळवरी पेटीले हात लावू नको गा. हळूहळू थंडा होऊ दे."

"तू जाय ना बाप्पा. मले का माहीत नाही?"

भरलेलं पोलाद एकदम गार झालं की पुढे तडकतं, हे माहीत होतं. म्हणूनच उघडली. तू गेल्यावर तासाभराने आकडा घालून ब्रॅकेट बाहेर ओढला आणि दारात वाऱ्यावर ठेवला. थंडीचे दिवस होते. हात लावण्याजोगा झाला तसा परत पुरला, वरचा चुना हाताने सारखा केला. हातोडा मारला नाही, काही तोडलं नाही, फक्त वारा लागू दिला. तो शनिवार होता. संध्याकाळी मारुतीला गेलो, तेल वाहिलं, नमस्कार केला. कसा केला असेल?

आठ दिवसांनी खापरे तो परत घेऊन आले. दोन बोटं लांब तडा. सगळ्यांसमोर म्हणाले, "काय गा शालिक, हात गेला का तुझा?" तू तड्यावरून अंगठा फिरवत राहिलास. "माझंच काही चुकलं असंन," म्हणालास. मी तिथेच, रॉड सुकवायच्या भट्टीपाशी उभा होतो.

मग तू नवी भट्टी आणलीस, करंट कमी-जास्त करून पाहिलास, डोळेही तपासून आलास. प्रत्येक मोठं काम झालं की मला हाक मारायचास, "वासुदेव, येऊन पाय ना गा एकदा. बराबर भरलं का?" मी वाकून पाहायचो, उगाच वेळ लावायचो आणि म्हणायचो, "हौ, बराबर आहे." सहा-सात महिने असं चाललं. शालिक, माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे महिने होते. मग हळूहळू तुझा हात तुला परत सापडला आणि हाका थांबल्या.

वंदनावहिनी परवा म्हणाल्या, "भाऊजी, त्या एका तड्यानं त्यायले लय दिवस झोप नव्हती." मी चहा पीत राहिलो.

माझी एक तक्रार मात्र आहे तुझ्यावर. पेटी उघडली होती का, हे तू मला एकदाही काहून नाही विचारलं? दुसऱ्या कुणीही आधी माझ्यावरच संशय घेतला असता. विचारलं असतंस तर कदाचित मी बोललो असतो. पण तुझ्या मनात ते आलंच नाही, आणि तुझ्या त्या मनाचाही मला हेवा वाटतो.

काल निघताना खापरे म्हणाले, "तो एक तडकला, बाकी शालिकचं काम कधी परत नाही आलं." तो एक तुझ्या नावावर आहे, आणि तो माझा आहे.

कालचा ब्रॅकेट आज भरून झाला. उद्या लेथवर भोक मापात येईल आणि दुपारी खापरे न्यायला येतील. त्यांच्या हातात देण्याआधी मी सगळं सांगणार आहे. त्या वेळी दुकानात जे कुणी ड्रायव्हर बसलेले असतील, त्यांच्यासमोर. तिथून थेट वहिनींकडे जाऊन त्यांनाही. खापरे कदाचित पुन्हा माझ्या दारात गाडी उभी करणार नाहीत. वहिनी काय म्हणतील, त्याचा मला विचारही करवत नाही. पण खापरे जाताना एक नक्की म्हणतील, "शालिक तं शालिकच होता."

ते ऐकून पुन्हा पोटात दुखेल माझ्या. दुखू दे. उद्या मी गप्प राहणार नाही, एवढं वचन तुला देतो.

तुझा,
वासुदेव