आठ महिन्यांचं काम

अण्णा, आम्ही मिरजेत एक घर बघितलं. तुम्ही असता तर आधी तुम्हालाच तिथं नेलं असतं. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली, तरी घराचं काही निघालं की मला तुमचीच वाट बघावीशी वाटते. तुम्ही यावं, पायातलं बाहेर काढावं, भिंतीला तळहात लावावा आणि काय ते सांगावं, म्हणजे मला काही ठरवावं लागणार नाही.

तुम्ही बघितलेले तुमचे जावई म्हणजे सुट्टीवर आलेला फौजी. आल्या दिवशीच विहिरीत पोहायला जायचे आणि दुसऱ्या दिवशी रानात. आता ते निम्मे राहिलेत. दोन्ही मूत्रपिंडं गेलीत. आठवड्यातून दोनदा मिरजेला डायलिसिस असतं. आमचं गाव विट्याच्या वर, माळावर. सकाळी सहाच्या एसटीनं निघायचं, चार तास मशीनला लावून पडायचं आणि परत दोन तास एसटी. जाताना ते कंडक्टरशी बोलतात. येताना खिडकीला डोकं टेकून बसतात, आणि एसटी खड्ड्यात आदळली की मी त्यांच्या डोक्याखाली हात घालते. लेक पुण्यात असते, ती म्हणते तिकडे या. तिचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणून मिरजेतच भाड्यानं खोली बघू म्हटलं. खालच्या मजल्यावरची मिळेना. एक मिळाली, पण घरमालकीणबाईंनी यांच्या हाताची पट्टी बघितली आणि म्हणाल्या, "आमच्यात लहान पोरं आहेत हो." हा आजार लागत नाही, हे सांगायचं माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. ह्यांनीच मला नजरेनं गप्प केलं.

मग हे घर कळलं. तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीच्या मागं, बसकं, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागं मोरी. पायरी एकच. मालक सत्तरीचे, पूर्वी तंबोरे करायचे, आता हात थरथरतो म्हणून बंद केलेलं. पुढच्या खोलीत अजून चार मोठे वाळलेले भोपळे पडलेले होते. मालक आता मुलाकडे नाशिकला निघालेत. स्लॅबचे पोपडे पडून आतल्या सळ्या उघड्या झालेल्या, गंजून फुगलेल्या. भिंतींना कमरेपर्यंत ओल. मालकांनी काही लपवलं नाही. म्हणाले, "आम्ही पावसाळ्यात या खोलीत झोपत नाही, ताई. आता खोटं कशाला सांगू."

तिथं उभी असताना मला आष्ट्यातला तो दिवस आठवला. मी तिसरी-चौथीत असेन. तुमची भाकरी घेऊन कामावर आले होते, आणि आमच्या शाळेचे एक गुरुजी तुम्हाला बोलवायला आले. त्यांना एक जुनं घर घ्यायचं होतं. तुम्ही गवंडी, म्हणून तुम्ही एकदा बघावं. तुम्ही माझं बोट धरून गेलात. गुरुजींच्या बायको आधीच तिथं होत्या आणि तुळस कुठं ठेवायची ते बघत होत्या. तुम्ही सगळं घर फिरलात, ठिकठिकाणी बोटानं वाजवलंत, खाली वाकून भिंतीचा वास घेतलात. बाहेर येऊन म्हणालात, "गुरुजी, हे घर घिऊ नगासा. पाया बसलाय. दर साली डागडुजी करावी लागंल." त्या बाई पदर तोंडाला लावून मागच्या दारी गेल्या. येताना मी तुम्हाला म्हटलं, "आण्णा, तुमी सांगाय नको हुतं." तुम्ही मधेच थांबलात. मला कधी न बोलणारे तुम्ही, त्या दिवशी बोललात. "मी भित्तीचं सांगितलं. घ्यायचं का न्हाई ते त्यांचं त्यांनी ठरवायचं. भित्तीचं बी खोटं सांगू व्हय मी?" मग माझं बोट धरून पुन्हा चालू लागलात.

गुरुजींनी ते घर घेतलंच. तुम्ही दर दिवाळीच्या आधी थापी घेऊन त्यांच्याकडे जायचात आणि भेगा बुजवून यायचात. मी सांगितलं होतं, असं एकदाही म्हणाला नाहीत. त्या दोघांनी त्याच घरात जन्म काढला. तेव्हा तुमचं बरोबर होतं की त्यांचं, ते मला आजही सांगता येत नाही. आणि स्वतःचं घर तर तुम्ही बांधलंच नाहीत. अर्ध्या आष्ट्याच्या भिंती तुमच्या हातच्या, आणि आपण भाड्याच्या दोन खोल्यांत. आई कधी बोलली तर म्हणायचात, "दुसऱ्याचं बघून बघून हौस फिटली माजी." माझ्या लग्नानंतर मात्र पहिल्याच पंचमीला तुम्ही सासरी आलात ते घमेलं आणि थापी घेऊन. मला उभी केलीत, माझ्या कोपरापर्यंतचं माप सुतळीनं घेतलंत आणि त्या मापाचा कडप्पा घालून स्वयंपाकाचा ओटा करून दिलात. सासूबाई म्हणाल्या, "आवं, आमी समद्या बसूनच रांधतो की." तुम्ही म्हणालात, "रांधा की. हिची पाठ धरती." त्या ओट्यापाशी उभं राहून एवढी वर्षं काढली, कधी पाठ दुखली नाही. ते घर आता बंद करायचं म्हणतेय मी.

मिरजेतला मिस्त्री आम्ही नेला होता. तो भला माणूस वाटला. त्यानं हातोडीनं स्लॅब वाजवला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "वहिनी, भित्ती ऱ्हातील. स्लॅब उतरवायला लागतोय. मग ओलीचं काम, गिलावा, मोरी. आठ म्हैनं धरा. लवकर सांगून तुमाला फशिवणार न्हाई." त्याच्या आदल्याच आठवड्यात डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं होतं. यांचं हृदय थकलंय म्हणाले. मी विचारलं, किती दिवस. ते म्हणाले, "असं सांगता येत नाही. पण लांबचं काही ठरवू नका." मग म्हणाले, "सहा महिने नीट गेले तर मी समाधानी असेन." अण्णा, आठ महिने एकाकडून आले आणि सहा दुसऱ्याकडून, आणि दोन्ही फक्त माझ्याजवळ. यांना मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

ते बाहेर मालकांच्या खुर्चीवर बसले होते. औषधांच्या कागदाच्या मागं पेनानं काहीतरी काढत होते. जवळ गेले तर घराचा नकाशा. इथं दार मोठं करायचं, व्हीलचेअर लागली तर. इथं मोरीत धरायला दांडी. आतल्या खोलीत दोन कॉट, मधे स्टूल, स्टुलावर रेडिओ. सहा-सात महिन्यांत मी त्यांना असं कशात गुंतलेलं बघितलं नव्हतं. त्यांनी मान वर न करता विचारलं, "मिस्त्री किती दिस म्हणला?"

मी म्हटलं, "तीन-चार म्हैनं."

"मग बरं," ते म्हणाले आणि कागदावर खिडकी काढू लागले. थोड्या वेळानं पेन खिशाला लावलं. "हे बघ, माज्यासाठी घ्यायचं आसंल तर घिऊ नगंस. ह्या घरात लय काम हाय, मला दिसतंय. तुला ऱ्हायचं आसंल तर घे. ऑर्डर न्हाई, सांगतोय."

"आवं, मी एकटी मिरजेत काय करू? तुमच्यासाठीच घ्यायचं," मी म्हटलं.

मालकांना दुसरं गिऱ्हाईक आलं होतं, त्यांनी रविवारपर्यंत कळवा म्हटलं होतं. मी गावच्या अंगणवाडीत मदतनीस आहे; ते चार दिवस मी तिथं पोरांना खाऊ वाढतानाही तेच मनात घोळवत होते. नाही म्हणावं तर तो कागद त्यांच्या हातातून काढून घेतल्यासारखं, आणि हो म्हणावं तर तयार होणार नाही अशा घराची आशा लावून ठेवायची. लेकीला फोन केला. ती म्हणाली, "आई, तू ठरवशील तसं." सगळे असंच म्हणतात. रविवारी सकाळी मी मालकांना हो कळवलं.

आता कामाचा तिसरा महिना चालू आहे. स्लॅब उतरवलाय. आतल्या खोलीत उभं राहिलं की थेट आभाळ दिसतं. सुरुवातीला हे डायलिसिसनंतर तासभर समोरच्या कट्ट्यावर बसायचे आणि मिस्त्रीला फौजेतल्या आवाजात सूचना द्यायचे. त्यालाही ते आवडायचं, "सुभेदारसाहेब, बघा जमलंय का," म्हणायचा. गेल्या आठवड्यात त्यांना रिक्षातून उतरता आलं नाही. रिक्षा दारासमोर उभी केली. त्यांनी आतूनच बघितलं, भिंतीवरून आभाळ बघितलं आणि म्हणाले, "चार म्हैन्यात व्हतंय म्हणतीस?" मी व्हय म्हटलं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि रिक्षावाल्याला चल म्हणाले. त्यांना ठाऊक असावं. ते विचारत नाहीत आणि मी सांगत नाही.

हे मी अंगणवाडीच्या जुन्या रजिस्टरच्या कोऱ्या पानांवर लिहितेय. पानं फाडून घडी घालून ट्रंकेत ठेवेन. लेकीला दाखवायची नाहीत. तुम्हाला मात्र एक सांगते. घर बघितलं त्या दिवशी, मिस्त्री बोलून गेल्यावर आणि हे बाहेर कागद रंगवत असताना, मी आतल्या खोलीत दोन मिनिटं एकटी उभी होते. दुपारचं ऊन फरशीवर आलं होतं. त्या खोलीत मी मनातल्या मनात कॉट मांडून बघितली, खिडकीच्या कडेला. एकच मांडली, माझी. ती छान बसत होती. घर तेव्हाच माझ्या मनात भरलं होतं. तुमच्यासाठीच घ्यायचं, हे मी त्यांना त्यानंतर बाहेर येऊन म्हटलं.