नवं कार्ड आणि जुनंच गवत

आदरणीय दादा,

तुमच्या गुडघ्याला आणि वहिनींच्या धाकाला माझा सारखाच नमस्कार. गुडघा आता जिने चढू देतो का, ते अवश्य कळवा. (बायकोच्या थोरल्या भावाची चौकशी केली नाही तर मला इथे जेवायला मिळायचं नाही, पण काळजीही वाटते हो.) आमच्याकडे माणसं ठणठणीत आहेत. आजारी होता तो कॉम्प्युटर, आणि त्याचीच ही हकिकत.

तुमची भाची नोकरीसाठी परगावी गेल्यापासून फोनवर "हं, जेवले" यापलीकडे बोलत नाही. पण रविवारी आम्ही बापलेक आपापल्या कॉम्प्युटरवर एकत्र ट्रक चालवतो, आणि घाट लागला की ती बोलती होते. साहेब कसा खवट आहे, खोलीतली मैत्रीण कशी घोरते, सगळं मला त्या घाटातच कळतं. गेल्या महिन्यात तिने नवा खेळ आणला. आमच्याकडे त्यातला ट्रक लग्नाच्या अल्बमसारखा एकेक फोटो होऊन सरकायचा. "बाबा, राहू द्या, तुमच्या मशीनला झेपणार नाही," म्हणाली. मशीनलाच म्हणाली, पण लागलं मला. दुसऱ्याच दिवशी खेळातली चित्रं न अडखळता हलवणारं ग्राफिक्स कार्ड घेऊन आलो.

कार्ड म्हटल्यावर मला वाटलं, पत्त्यासारखं काहीतरी असेल. निघाली चांगली वीट! ती कॅबिनेटमध्ये मावेना. दुकानदाराने जागा मोजून यायला बजावलं होतं. (मोजली होती हो, पण बाहेरून.) आत हार्ड डिस्क ठेवायचा पत्र्याचा पिंजरा आडवा येत होता, तो काढला. हार्ड डिस्क तुमच्या बहिणीच्या केसांच्या रिबिनीने टांगली. झाकण बसेना, ते पलंगाखाली सरकवलं. कॉम्प्युटर सुरू केला तर कार्डाचे पंखे असे गरगरले की मला भरूनच आलं.

त्यानंतर घरात आलेल्या एकालाही मी सोडलं नाही. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर आले, त्यांना खेळातल्या रस्त्याकडेचं गवत दाखवलं. पातं न् पातं वेगळं दिसतंय, म्हणाले बिचारे. (माझ्या चेहऱ्याकडे बघून दुसरं काय म्हणणार?) ट्रक तेवढा अजून अडखळत होता. त्याचं खापर मी तुमच्या भाचीच्या इंटरनेटवर फोडलं. रविवारी ती घाट चढून गेली आणि मी खालच्याच वळणावर. शेवटी हळूच म्हणाली, बाबा, यापुढे साधा फोनच करू या का? दादा, साधा फोन म्हणजे पुन्हा "हं, जेवले" हो!

दुसऱ्या दिवशी तुमची बहीण कॉम्प्युटरमागची धूळ झटकत होती. तिने विचारलं, एवढ्या हौसेने कार्ड आणलंत, मग पडद्याची वायर जुन्याच भोकात का? म्हणजे मी डॉक्टरांना जुनंच गवत दाखवत होतो! नवं कार्ड आत बसून नुसतं वारा खात होतं. तिने वायर उपटली, नव्या कार्डात खोचली, आणि काय सांगू, गवत चक्क हलायला लागलं.

वहिनींना नमस्कार सांगा. वायरीचं मात्र सांगू नका.

बहिणीच्या कृपेने रस्त्याला लागलेला,
तुमचा मेव्हणा

ता. क. : मुख्य काम राहिलंच. हलणारं गवत बघायला म्हणून तुमची बहीण खुर्चीत बसली ती उठायलाच तयार नाही. आता रविवारी मायलेकी ट्रक चालवतात आणि मी चहा करतो. तुमच्या दुकानातला जुना कॉम्प्युटर धूळ खात पडलाय ना? तेवढा पाठवाल का?

ता. ता. क. : दादा, हे अक्षर माझं. पत्र पाकिटात घालायला माझ्याकडेच आलं. काही पाठवू नकोस. मी चालवते तेव्हा पोरगी मुकाट्याने घाट पार करते, चकार शब्द बोलत नाही. हे दर वळणावर दरीत कोसळतात, आणि यांना वर काढता काढता ती सगळं सांगते. म्हणून येत्या रविवारी खुर्ची यांनाच देणार आहे. अजून सांगितलं नाही. तोवर चहा छान मिळतोय.