पाणरेषेची तीन निशाणं

राळेगाव, ता. १२ डिसेंबर १९५७

चि. सौ. जमनीस हिरासिंगचे अ. उ. आ. वि. वि.

पाकीट पाहून घाबरू नकोस. कार्डावर लिहिलं असतं तर दारव्ह्याच्या पोस्टात चौघांनी वाचलं असतं, म्हणून पाकीट. वाचून झालं की जपून ठेव, नाहीतर चुलीत घाल.

मागच्या आठवड्यात चार दिवस तुझ्या तांड्याजवळ होतो आणि तुझ्या हातची भाकरी खाल्ली नाही, म्हणून रागावली असशील. काय करू? जिथे नातेवाईक आहेत तिथे माझ्यासारख्या निशाणं रोवणाऱ्या खलाशाला मोजणीवर नेत नाहीत. साहेबाला कळलं असतं तर त्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

लोणझरीचा जुना फुटका तलाव पंचवार्षिक योजनेत दुरुस्त होणार हे तू ऐकलंच असशील. नवा बांध, दगडी सांडवा, आणि खाली कालव्यावर चार गावांना पाणी. आमचे साहेब दुर्बिणीतून पाहतात आणि हात करतात. ते दाखवतील तिथे मी पांढऱ्या फडक्याचा बांबू रोवतो. तलाव भरला की पाणी त्या निशाणांपर्यंत येणार. निशाणांच्या आतलं वावर सरकार घेणार आणि बदल्यात दुसरीकडे जमीन देणार.

जमने, तीन निशाणं तुझ्या आंब्याच्या वर लागली. म्हणजे तुझं सगळं वावर पाण्यात. याडीने मरताना आपली लेक माझ्या हाती दिली होती, ते आठवलं. दुपारी साहेब तंबूत जेवायला बसले तेव्हा मी ते तिन्ही बांबू उपटले आणि तुझ्या धुऱ्याच्या खाली पन्नास पावलांवर रोवले. दुसऱ्या दिवशी तलाठी निशाणं बघत बघत यादी करून गेला. यादीत तुझं वावर नाही. आपल्या तांड्यात सेवाभाया देवाचं पांढरं निशाण एकदा लागलं की कुणी ओलांडत नाही, सरकारचंही तसंच असणार.

भीमसिंग जावईबापूंना बोलू नकोस. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. तुझ्या मायेवर जगणारा,

हिरासिंग


वरचा तांडा, लोणझरी, ता. २ मार्च १९५८

ती. भियास जमनीचा सा. न. वि. वि.

खाकी चड्डी घालून समोरून गेलास आणि मान फिरवलीस, तेव्हा तुझे जावई फार चिडले. त्यांनी तुझ्या पाठीत ढेकूळ मारलं ते मुद्दाम मारलं. साहेबाला वाटलं तांड्याचे लोक दांडगे आहेत. मला मात्र हसू आवरेना. मला पाटीवर अक्षरं शिकवणारा माझा भिया सरकारी माणूस झाला आणि बहिणीला ओळखेनासा झाला, असं मी साऱ्या बायांना सांगितलं.

तुझं पाकीट वाचून मात्र रडले. मी ते पीठ ठेवायच्या मडक्याखाली ठेवलं आहे.

इकडे होळीआधीच शिमगा झाला. खालच्या गावच्या मारोती पाटलाने अशी आवई उठवली की तांडेवाले निशाणं उपटून तलाव होऊ देणार नाहीत. पंचवीस माणसं काठ्या घेऊन आली. ह्यांच्या डोक्यात काठी बसली आणि रक्त डोळ्यांत उतरलं, तरी त्यांनी एकाचा हात कोपरातून मोडला. धनीबाईच्या गाभण गाईला कुणीतरी कुऱ्हाड मारली, ती संध्याकाळपर्यंत ओरडत होती. शेवटी आमच्या तांड्याचे नायक मध्ये पडले. त्यांनी प्रत्येक निशाणापाशी नारळ फोडला आणि दोन्हीकडच्यांकडून शपथ घेतली: निशाणाखालचं सरकारचं, वरचं तांड्याचं. मारोती पाटलानेही निशाणाला हात लावून शपथ घेतली. तेव्हापासून शांतता आहे.

आता तुझे जावई आंब्याजवळ विहीर खोदतात. पहार आणि ते. खाली काळा दगड लागला आहे, तळहातांची सालं निघाली, पण थांबत नाहीत. शपथ झाली आहे, वावर आपलंच, असं म्हणतात. त्यांना इतकं खुश मी लग्नातही पाहिलं नव्हतं. मी भाकरी घेऊन जाते आणि काठावर बसून बघते, आणि मनात एक भलताच विचार येतो. भिया, पाणी निशाण ओळखतं ना?

लवकर उत्तर दे. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी जमनी


दारव्हा, ता. २० मे १९५९

चि. सौ. जमनीस अ. उ. आ. वि. वि.

तुझ्या प्रश्नाला वर्ष झालं. मी उत्तर टाळलं, कारण मला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं आहे.

सांडव्याचं काम इथल्या रहमत मिस्त्रीकडे आहे. मनुष्य देवासारखा. मला रोज घरी जेवायला नेतो, त्याची बायको जैबुनबी मला भाऊ म्हणते आणि ताटात जबरदस्तीने वाढते. काल त्याने भिंतीचा शेवटचा थर लावला आणि पाणसळ ठेवून मला म्हणाला की बघ, माझी भिंत कशी सरळ बसली. मी तिच्यावरून पलीकडे नजर टाकली. नजर सरळ तुझ्या आंब्याच्या वर गेली, जिथे साहेबांनी पहिल्यांदा हात केला होता तिथेच.

मी हसत हसत विचारलं, निशाणं जर खाली असली तर भिंत खाली घ्यावी लागते का? तो पोट धरून हसला. म्हणाला, भिंत नकाशावरून उठते, खडकावर खोदलेल्या खुणेवरून उठते. निशाणं फक्त तलाठ्याच्या यादीसाठी असतात. जमने, मी तुझं वावर वाचवलं नाही. ते बुडणारच होतं. मी फक्त तुझी बदलीची जमीन घालवली.

काहीही सबब सांग, पण यंदा पेरू देऊ नकोस. गुरं वर बांध. साहेबांना सगळं सांगायचं म्हणून मी दोनदा तंबूपर्यंत गेलो आणि नोकरी आठवून परत आलो. दिवाळीपर्यंत नक्की सांगतो. तोवर तू जावईबापूंना सांगू नकोस, एवढी भीक घाल.

अपराधी,
हिरासिंग


वरचा तांडा, ता. ९ सप्टेंबर १९५९

भियास जमनीचा नमस्कार.

मी पेरू नका म्हटलं, तर त्यांनी माझ्या कानशिलात मारली आणि पेरलं. मी त्यानंतर बोलले नाही. बोलले असते तर तुझं नाव घ्यावं लागलं असतं. ही माझी चूक, तुझ्या चुकीहून लहान नाही.

पोळ्याच्या आधीपासूनच तलाव भरत आला. पाणी धावत आलं नाही, रोज हातभर सरकत आलं. आधी निशाणांची फडकी बुडाली, मग ज्वारी, मग विहिरीच्या काठावरून आत पाणी पडू लागलं. दीड वर्षाची विहीर एका सकाळीत भरली. हे काठावर उभे राहून बघत होते. मग तांड्यात येऊन कुऱ्हाड घेतली. शपथ मोडली, मारोती पाटलाने मिस्त्रीला फितवून भिंत दोन थर वर नेली, असं ते ओरडत होते. वीस जण त्यांच्या मागे निघाले. मी चुलीपाशी गेले, मडकं उचललं आणि तुझं पाकीट हातात घेतलं. मी धावत जाऊन ते दाखवलं असतं तर सारे तिथेच थांबले असते. पण मग हे तुला मारायला निघाले असते. मी पाकीट चुलीत घातलं. ते पूर्ण जळेपर्यंत बसून राहिले.

बाकीचं धनीबाईने सांगितलं. सांडव्यावर रहमत मिस्त्री एकटा होता, सांध्यांत चुना भरत होता. हे पहारीने दगड उचकटू लागले, तो मध्ये आला. त्याने हात जोडले, म्हणाला की भिंत नकाशाप्रमाणेच आहे, हवं तर मापून घ्या. ह्यांनी त्याचा उजवा हात दगडावर दाबला आणि मनगटावर घाव घातला. एका घावात तुटला नाही. दुसरा घातला. हात सांडव्यावरून खाली गेला. तेवढ्यात खालच्या गावचे आले. त्यांनी आपल्या तांड्यातल्या दोघांना दगडांनी ठेचलं, त्यातले भुरीबाईचे घरधनी तिसऱ्या दिवशी गेले. मग तांड्यावर येऊन त्यांनी चाऱ्याच्या गंजी पेटवल्या.

पोलिसांनी ह्यांना दोरीने बांधून नेलं. जाताना त्यांनी मला सांगितलं की वावराकडे लक्ष ठेव. वावर पाण्यात आहे हे ते विसरले होते.

तुझं मे महिन्यातलं पत्र मी आलं त्याच दिवशी जाळलं होतं. आता तुझ्याविरुद्ध कसलाही पुरावा नाही. तू हवं तर गप्प बसू शकतोस.

जमनी


दारव्हा, ता. २२ नोव्हेंबर १९५९

चि. जमनीस आशीर्वाद लिहायची माझी लायकी नाही, तरी लिहितो.

पाकीट जाळलंस, पण ते मला तोंडपाठ आहे. तीच अक्षरं मी पुन्हा कागदावर उतरवली, खाली सही केली आणि साहेबांसमोर ठेवली. त्यांनी दोनदा वाचलं. मग म्हणाले की तलावाचं उद्घाटन तोंडावर आहे, हा कागद मी पाहिलाच नाही, तू परत घे. मी घेतला नाही. दुसरी प्रत जिल्ह्याला पाठवली. माझी नोकरी त्याच आठवड्यात गेली. पण फेरमोजणी होणार आहे, आणि तुझं आणि तुझ्या धुऱ्याला लागून असलेलं भुरीबाईचं आणि धनीबाईचं वावर यादीत येणार असं तलाठी म्हणाला. न्यायाधीशासमोरही मी बोललो. जावईबापूंना तेव्हा शिक्षा ऐकवून कोठडीत परत नेलं होतं, त्यांनी ऐकलं नाही. पाच वर्षांची शिक्षा झाली त्यांना. माझं खोटं नसतं तर एकही दिवस झाला नसता.

साहेबांच्या आधी मी रहमतकडे गेलो होतो, हे सांगायचं राहिलं. जैबुनबी ताट घेऊन आली होती. मी ताटाला हात न लावता सगळं सांगितलं. तिने ताट उचलून माझ्या अंगावर फेकलं, आणि मग जमिनीवर बसून तिने आपलंच कपाळ बडवून घेतलं. रहमत थोट्या हातावरचं फडकं सोडत आणि बांधत राहिला. "मले आता उजवा हात पाहिजे," म्हणाला. "उद्यापासून तू ये."

तेव्हापासून जातो. तो डाव्या हाताने ओळंबा धरतो, मी दगड बसवतो. चुकलं की शिव्या देतो. जैबुनबी अजून माझ्याशी बोलत नाही, पण आता ताट उंबऱ्याबाहेर ठेवते.

तुझा आशीर्वाद मागणारा थोरला,
हिरासिंग


तांडा, ता. ६ फेब्रुवारी १९६३

ती. भियास जमनीचा सा. न. वि. वि.

बदलीची जमीन टेकडीच्या पलीकडे मिळाली. मुरमाड आहे, पण कोरडी आहे. या वर्षी तिच्यात तूर झाली. शेंगा पाठवते, जैबुनबीला दे. माझं नाव सांगू नकोस.

आज दुसरं लिहायचं आहे. तीन वर्षं दर भेटीला मी अकोल्याच्या तुरुंगात जात होते आणि दर भेटीला तुझी गोष्ट गिळून परत येत होते. परवा ते म्हणाले की सुटका लवकर होणार आहे, आणि सुटल्यावर पहिल्यांदा मारोती पाटलाचा हिशेब चुकता करणार. तेव्हा मी जाळीला धरून सगळं सांगितलं. तुझे बांबू, पाकीट, चूल, सगळं. मला वाटलं ते जाळी तोडतील. ते अगदी हळू बोलले. "माह्या हातून मिस्त्रीचा हात गेला," म्हणाले, "मंग तुह्या भावाचा कायले शाबूत राह्यला?"

मग त्यांनी तुझा पत्ता विचारला. मी सांगितला. खोटा सांगावासा वाटला, भिया, जीभ तशी वळलीही होती. पण एका खोट्याने एवढं रक्त सांडलं, दुसरं बोलायची हिंमत झाली नाही. एकोणीस तारखेला सुटतात. तू राजूरला निघून जा, तिथे कोळशाच्या खाणीत माणसं लागतात, कुणी नाव विचारत नाही. पाया पडते, जा. मी त्यांच्यासोबत येते आहे, पण मला त्यांना धरता येणार नाही.

तुझी जमनी


दारव्हा, ता. ११ फेब्रुवारी १९६३

चि. सौ. जमनीस अनेक आशीर्वाद.

शेंगा पोचल्या. नाव न सांगताही जैबुनबीने ओळखलं. थोड्या भाजून तिने माझ्यासमोर ठेवल्या आणि म्हणाली, खा. तीन वर्षांनी माझ्याशी बोललेला तिचा हा पहिला शब्द.

मी राजूरला जात नाही. रहमतला तुझं पत्र वाचून दाखवलं. तो मला म्हणाला की भीमसिंगच्या आणि तुझ्या मध्ये मी उभा राहीन, माझा दुसरा हात अजून आहे. मी त्याला उभं राहू देणार नाही. एकोणीस तारखेला त्याला आणि जैबुनबीला तिच्या माहेरी पाठवतो आहे.

जावईबापूंना सांग की शोधाशोध करू नका. मी राहतो त्या रहमतच्या आळीत सगळी घरं सारखी दिसतात, आणि रागात माणूस भलत्याच दारात शिरतो, एकदा तसं झालंच आहे. म्हणून मी माझ्या दारापुढे बांबू रोवला आहे, वर पांढरं फडकं आहे. लांबून दिसेल. दार उघडं असेल आणि मी आत बसलेला असेन.

तू पुढे येऊ नकोस, रस्त्यावरच थांब. तुझ्या डोळ्यांसमोर काही नको. आणि जमने, या वेळी निशाण जागेवर आहे. मी स्वतः दोनदा पाहिलं.

तुझ्यावर कधीच न रागावलेला भिया,
हिरासिंग