काढणाऱ्याचा हात

अप्पा, आईला आता दिसत नाही. अगदीच काळोख आहे असं नाही. दारात कोणी उभं राहिलं तर कोणीतरी आलंय एवढं तिला कळतं, पण तो आपला माणूस की पोस्टमन, हे आवाज ऐकल्याशिवाय कळत नाही. डोळ्यांतला दाब वाढत गेला आणि आपल्याला वेळेवर समजलं नाही, असं डॉक्टर म्हणतात. तुम्ही गेल्याला अठरा वर्षं झाली. ती अजून सैदापेटच्या त्याच घरात राहते, एकटी राहते आणि तिथेच राहायचं म्हणते. मला तुम्हाला जे सांगायचंय ते त्याच घराच्या स्वयंपाकघराबद्दल आहे. घरात आपण जे तमिळ मिसळलेलं मराठी बोलतो ते कागदावर कसं उतरवायचं ते मला कधी जमलं नाही, म्हणून तुम्ही पोस्टानं मागवायचात त्या मासिकांच्या मराठीत लिहितेय. चालवून घ्या.

मी काय काम करते ते तुम्ही पाहिलं नाहीत. पाहिलं असतंत तर हसला असतात. मी रॅक विकते. नुंगंबाक्कमला माझं दोन खोल्यांचं शोरूम आहे, वरच्या मजल्यावर मी राहते. गोदामांसाठी रॅक, ऑफिसांसाठी फायलींची कपाटं, घरांसाठी मॉड्युलर किचन. हल्ली या गावात सगळ्यांकडे सामान वाढलंय आणि जागा कमी झालीय, त्यामुळे धंदा बरा चालतो. लोक गुळगुळीत मासिकातलं चित्र फाडून आणतात आणि म्हणतात, अस्सं पाहिजे. मी चित्र बाजूला ठेवते आणि तुमचा प्रश्न विचारते. काढणार कोण? पुष्कळांना तो प्रश्न आवडत नाही. गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्याच्या मालकाला स्टोअरमध्ये उंच, बंद, पांढरी कपाटं हवी होती, कारण परदेशातले पाहुणे बघायला येणार होते. मी त्याला म्हटलं, मला एक दिवस स्टोअरच्या खिडकीशी स्टूल टाकून बसू द्या. दिवसभर बसले. पाहुणे येतील वर्षातून एकदा, पण तेच तीन आकाराचे बोल्ट दिवसातून तीस वेळा निघतात आणि ते काढायला स्टोअरकीपर दर वेळी शिडी चढतो, हे त्याला संध्याकाळी लिहून दाखवलं. तो चिडला आणि मीही चिडले. शेवटी उघडे रॅक बसले, रोजचं सामान गुडघा आणि खांदा यांच्यामध्ये, जड खाली, वर्षाकाठी लागणारं वर. त्याचा स्टोअरकीपर मला अजून दिवाळीला फोन करतो.

हे मी कुठे शिकले ते सांगायला नकोच. शाळेला सुट्टी असली की तुमचा डबा घेऊन मी गिंडीला यायची. पंपांचे सुटे भाग करणारा तो कारखाना, मागच्या बाजूला बिनखिडकीची तुमची स्टोअर-शेड, तेलाचा आणि गोणपाटाचा वास. मी डबा ठेवते आणि तेवढ्यात दिवे जातात. बाहेर मशिनं थांबतात, माणसं विड्या ओढायला निघतात, पण तुमच्या खिडकीशी एक फिटर उभा असतो आणि त्याला ऑइल सील हवं असतं. तुम्ही टॉर्च लावत नाही. चार पावलं, मग डावा हात, मग खोक्यात बोटं. तुम्ही सील आणून त्याच्या हातावर ठेवता आणि तो दारातल्या उजेडात नेऊन बघतो तर बरोबर तेच असतं. मला वाटलं होतं तुम्हाला जादू येते. तुम्ही म्हणालात, "जादू कसली मा. दिवा गेला म्हणून स्टोअर बंद पडलं तर ते स्टोअर नव्हे, अडगळ."

आणि तुमचं रागावणंही आठवतं. मी अकरा वर्षांची होते. आई मावशीच्या बाळंतपणाला तंजावूरला गेली होती आणि मी ठरवलं की ती यायच्या आत तिला एक सुंदर स्वयंपाकघर द्यायचं. सगळे डबे उंचीप्रमाणे लावले, मोठा मागे, लहान पुढे. वहीची पानं कापून, वळणदार अक्षरात नावं लिहून, खळीनं चिकटवली. दोन दिवस राबले. आई आली, पाय धुतले, चूल पेटवली आणि न बघता मिठाकडे हात नेला. तिथे मेथी होती. तिनं दुसरीकडे हात नेला, तिथे साबुदाणा. ती वाकून माझी अक्षरं वाचू लागली आणि तोवर फोडणी करपली. तुम्ही दारात उभे होतात. आवाज चढवला नाहीत, पण मला अजून ऐकू येतो.

"हे कोणासाठी ठेविलंस?"

"आईसाठी. छान दिसतं की."

"दिसायला नको, मिळायला पाहिजे. हात कोणाचा? तिला विचारलीस की?"

संध्याकाळभर मला एकेक डबा हातात घेऊन आईला विचारायला लावलंत, हा कोठे, हा कोठे. मी रडत रडत विचारत होते आणि आई सांगत होती आणि मधूनमधून तिला हसू येत होतं. जिथं काढणाऱ्याला विचारलं नाही तिथं ठेवणं म्हणजे लपवणं, असं तुम्ही जेवताना म्हणालात. मला तेव्हा ते अजिबात पटलं नव्हतं.

मग रॅक आला. कारखान्यात उरलेले स्लॉटेड अँगलचे, भोकं पाडलेल्या लोखंडी पट्ट्यांचे, तुकडे तुम्ही रीतसर विकत घेतलेत, त्या काळी ते कोणी घरात आणत नसे. आईला भिंतीशी उभं केलंत, हातात खडू दिलात आणि म्हणालात, हात फिरव, जसा सहज फिरतो तसा. भिंतीवर दोन कमानी उमटल्या, एक उजवी, एक डावी. त्या कमानींच्या आत रोजच्या फळ्या, बाहेर बाकीच्या. सगळ्यात खालची फळी जमिनीपासून वीतभर वर, म्हणजे फरशी धुताना पाणी लागणार नाही. आणि तीन रविवार तुम्ही अंगणात बसून त्या अँगलच्या कडा कानशीनं घासत होतात. शेजारी विचारायचे, इतकं काय घासताय, स्वयंपाकघरातला रॅक, कोण बघतंय. तुम्ही म्हणायचात, हात लागतो.

आता ऐका पुढचं. चार वर्षांपूर्वी, आईला थोडं थोडं दिसत होतं तेव्हा, मी त्या स्वयंपाकघरात मॉड्युलर किचन बसवलं. तुमचा रॅक गंजला होता, समुद्राची हवा, म्हणून काढावा लागला. भिंतीला टाइल्स लावल्या. स्टीलचे ड्रॉवर, हळूच बंद होणारे, हस्तिदंती रंगाची शटर, वर छतापर्यंत कपाटं. त्या एवढ्याशा खोलीत ते म्हणजे नाकापेक्षा मोती जड. पण मला अभिमान वाटत होता. शोरूमच्या अल्बममध्ये त्याचा फोटो पहिल्या पानावर आहे.

नजर गेली तसं आईनं स्वयंपाक करणं सोडत आणलं. आधी उडदाचं पीठ दह्यात कालवून करायची ती डांगर पचडी बंद झाली, मग रसम, मग म्हणायची, भूकच नाही, दहीभात पुरे. मी समजले वय झालं. एक दिवस गेले तर तिच्या नडगीवर जखम होती. ड्रॉवर उघडा राहिला होता आणि ती त्यावर आदळली होती. त्याच आठवड्यात बंगळूरहून भाऊ आला. त्यानं जखम बघितली, फ्रिजमधला तीन दिवसांचा भात बघितला आणि मला बाहेर ओट्यावर बोलावून म्हणाला, "हे रिस्क आहे. पोंगलला मी येतो. तोवर हिला स्वतःचं स्वतः जमलं तर राहू दे. नाही तर मी घेऊन जातो." तो वाईट नाही, अप्पा. त्याच्या घरात तिला खोली आहे, नर्स ठेवायची त्याची तयारी आहे. पण आई आतून ऐकत होती. तो गेल्यावर मला म्हणाली, "तेथे मी पाहुणी. मला माझं मीठ माझ्या हातानं घ्यायचंय मा. एवढंच."

मी ठरवलं, ती जाणार नाही. दुसऱ्या दिवशी शोरूम बंद ठेवलं आणि सैदापेटला जाऊन स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात स्टूल टाकून बसले. आईला म्हटलं, मी नाही असं समज. गुम्मिडिपूंडीच्या परक्या माणसासाठी मी दिवसभर बसले होते, आणि जिच्या हातचं खाऊन मोठी झाले तिच्या स्वयंपाकघरात एक तासही बसले नव्हते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आई हात पुढे करायची आणि तिच्या हाताला गुळगुळीत शटर लागायचं. पहिलं, दुसरं, तिसरं, सगळी एकसारखी. ड्रॉवर ओढला तर वरून झाकणंच झाकणं, ती फक्त बघणाऱ्यालाच वेगळी दिसणार. हळद शोधायला तिला सात डबे उघडून हुंगावे लागले. अकराव्या वर्षी केलेली चूक मी सेहेचाळिसाव्या वर्षी पुन्हा केली होती, आणि या वेळी अक्षरं वाचण्याइतकीही सोय तिला ठेवली नव्हती.

मी कपाटं उतरवली. माझ्याच फिटरनं विचारलं, मॅडम, चांगला माल काढताय? म्हटलं, काढ. मग आईला भिंतीशी उभं केलं आणि हातात खडू दिला. टाइल्सवर खडू नीट उमटत नाही, म्हणून पाणी लावून ओला केला. तिला लगेच कळलं. तिनं हात फिरवला, आधी उजवा, मग डावा. अप्पा, ती वाकलीय. कमानी माझ्या आठवणीतल्यापेक्षा चांगल्या चार बोटं खाली आल्या. स्लॉटेड अँगल आणले, फळ्या त्या मापानं बसवल्या. फळ्यांना पुढून बोटभर उंच पट्टी, म्हणजे डबा घसरणार नाही. मग एकेक डबा हातात घेऊन विचारलं, हा कोठे. मिठाच्या डब्याला सुतळी, साखरेला काही नाही, हळदीच्या झाकणाला खडबडीत कापड, गॅसच्या लायटरला खिळा. आणि मी धरून सगळ्यांना एकच कायदा, जिथून उचललं तिथेच ठेवायचं. कामवाली चुकली की आई तिला असं बोलते की तुमचा फिटरही घाबरला असता.

रॅक उभा राहिला तेव्हा तिनं कडेवरून हात फिरवला आणि थांबली. म्हणाली, "कड घासली नाहीस."

बाजारातला अँगल, पावडर-कोटिंगचा, त्याला घासावं लागत नाही असं आम्ही गिऱ्हाइकांना सांगतो. मी कानशी आणली. मला तीन नाही, पाच रविवार लागले.

पोंगलच्या आदल्या संध्याकाळी भाऊ आला. चप्पल काढता काढता म्हणाला, आई, कॉफी. आई उठली. मी त्याच्या शेजारी बसले होते आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. आत फिल्टरचं झाकण वाजलं, दूध चढलं. आणि दिवे गेले. शेजारी नवी इमारत उठल्यापासून त्या स्वयंपाकघरात संध्याकाळी उजेड येतच नाही, सगळं काळंमिट्ट झालं. भाऊ ताडकन उठला. मी त्याचा शर्ट धरून त्याला खाली बसवला. आत काही थांबलं नाही. साखरेचं झाकण उघडलं, बंद झालं, फळीवर टेकलं. ओतण्याचा आवाज आला, वरून खाली, लांब, जशी ती नेहमी ओतते.

मग ती आतून म्हणाली, "गप्प का बसलात दोघे?"

"करंट गेलाय," भाऊ म्हणाला.

"सरी, ठीक. तूच नीट धर मग, सांडशील."

ती अंधारात चालत आली आणि कॉफीचा डबरा-टंबलर त्याच्या हातात दिला. तो कॉफी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. दिवे आल्यावर त्यानं बंगळूरचा विषय काढला नाही. सकाळी तिनं डांगर पचडी केली, थोडी खारट झाली होती. तो दोनदा मागून जेवला.

म्हणजे आई तिथेच आहे आणि मी असेपर्यंत तिथेच राहील. हे सांगायला लिहायला बसले असं मला वाटत होतं. पण वर मी तुम्हाला एक खोटं लिहिलंय आणि गेली चार वर्षं आईलाही तेच सांगतेय. तुमचा रॅक गंजला नव्हता. एक ठिपकाही नव्हता. त्या आठवड्यात शोरूमचा अल्बम करायचा होता, फोटोग्राफर येणार होता, आणि त्या चित्रात भोकाभोकांचा करडा अँगल मला नको होता. मला त्याची लाज वाटली. भंगारवाल्यानं हातगाडीवर टाकताना कडेवरून हात फिरवला आणि म्हणाला, कोणीतरी फार मेहनत घेतलीय यावर. मी ऐकलं आणि तरी नेऊ दिला.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. तुमच्या नियमानं, ज्याला कोणी हात लावणार नाही ते सगळ्यात वर जायला हवं. मी ते चार घड्या करून मिठाच्या डब्याखाली ठेवलंय. उद्या सकाळी आईचा हात तिथे जाईल आणि ती विचारेल, हा कसला कागद. तिला वाचता येणार नाही, मलाच वाचून दाखवावा लागेल.